फँटसी मालिका तिसऱ्या एपिसोडला का सुटते : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

"ती ड्रॅगनवाली लावली होती. तीन भाग पाहिले आणि सोडली. कोण कुणाचा कोण, काही पत्ता लागेना." कादंबऱ्यांवर बेतलेल्या फँटसी मालिकांबद्दल ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. दुसरी तक्रार पुस्तक वाचलेल्यांची : "वाट लावली पुस्तकाची." पहिला गट मालिका अर्धवट सोडतो, दुसरा शेवटपर्यंत पाहतो, पण दातओठ खात.

दोघांनाही मी एकच विचारतो. सुरुवात कुठून केलीत आणि मध्ये काय काय केलंत? उत्तरं ठरलेली असतात. प्रीक्वेल, म्हणजे मूळ गोष्टीच्या आधीचा काळ दाखवणारी मालिका, नवी होती म्हणून तीच आधी लावली. नाव लक्षात राहिना म्हणून मोबाइलवर शोधलं. सीझनच्या मध्यावर उत्सुकता आवरेना म्हणून पुस्तक उघडलं. यातली एकही गोष्ट गुन्हा नाही, फक्त प्रत्येक गोष्ट चुकीच्या वेळी केलेली आहे.

मालिका पाहायला कसली आलीय पद्धत, असं वाटेल. रोजच्या मालिकेला नाहीच लागत. तिथे दहा एपिसोड चुकले तरी अकराव्यात तेच भांडण चालू असतं. इथे पहिल्या तासात वीस नावं, चार राज्यं आणि दोन जुनी वैरं अंगावर येतात, आणि थांबून ओळख करून द्यायला कुणाला वेळ नसतो. कादंबरीत चार पानं मागे जाता येतं, शेवटी वंशावळ असते. पडद्यासमोर ती सोय आपली आपण करावी लागते. पाऊण तासाची तयारी आहे, एकदाच करायची.

उदाहरणांसाठी काही मालिकांची नावं घेतली आहेत. रचनेबद्दल बोलावं लागलं तिथे बोललो आहे, पण कोण मरतं आणि कोण जिंकतं हे कुठेही फोडलेलं नाही.

१. आधी बघा : गोष्ट संपते का?

मालिका निवडताना ट्रेलर पाहण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं शोधा. मालिका पूर्ण झाली आहे का? आणि पुस्तकं पूर्ण झाली आहेत का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकच समजतात.

'गेम ऑफ थ्रोन्स' २०११ ते २०१९ या काळात ८ सीझन आणि ७३ एपिसोडमध्ये संपली. ज्या पुस्तकमालेवर ती बेतली आहे तिचं पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं आणि सहावं अजून यायचंय. म्हणजे मालिकेचा शेवट आहे, पुस्तकांचा नाही. 'द व्हील ऑफ टाइम'चं बरोबर उलट. पुस्तकं १४, शेवटचं २०१३ मध्ये आलं, गोष्ट पूर्ण. मालिका मात्र २०२५ मध्ये ३ सीझननंतर बंद झाली. 'शॅडो अँड बोन' २ सीझन आणि १६ एपिसोडवर थांबली. 'हिज डार्क मटेरियल्स'मध्ये ३ पुस्तकं, ३ सीझन, २३ एपिसोड, आणि दोन्हीकडे पूर्णविराम.

अर्धवट राहिलेली मालिका पाहूच नये असं माझं म्हणणं नाही. पण शेवट मिळणार नाही हे आधी माहीत असलेलं बरं. मग पुढची गोष्ट पुस्तकातून घ्यायची की नाही, हेही आधीच ठरवता येतं. शेवटच्या एपिसोडनंतर "पुढचा सीझन कधी?" असं शोधायला जाऊन "रद्द" हा शब्द वाचण्यासारखं वाईट काही नाही.

या प्रकारात पहिल्यांदाच उतरत असाल तर दोन्हीकडे पूर्ण आणि लांबीला आटोपशीर असं काहीतरी घ्या. 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' एकाच कादंबरीवरची, ७ एपिसोडची. ७३ एपिसोड म्हणजे सुमारे ७० तास. रोज एक तास दिलात तरी दोन महिन्यांवर गेलं. पहिल्याच वेळी एवढं ओझं अंगावर घेऊन मग "मला फँटसी जमत नाही" असा निष्कर्ष काढू नका.

तपासा : मालिकेचे किती सीझन झाले, ते कोणत्या पुस्तकापर्यंत पोचले, आणि पुढचे येणार आहेत का, हे तीन आकडे-उत्तरं कागदावर लिहून झाली का? हाच कागद पुढे लागणार आहे.

२. एकाच जगातल्या अनेक मालिका असतील तर जुनी आधी

'गेम ऑफ थ्रोन्स'च्याच जगातली 'हाउस ऑफ द ड्रॅगन' नवी आहे आणि गोष्टीतल्या काळाने आधीची आहे, म्हणून लोक तिच्यापासून सुरुवात करतात. तर्क बरोबर वाटतो, पण फसतो. प्रीक्वेल काढणाऱ्यांनी प्रेक्षकाला हे जग माहीत आहे असं धरलेलं असतं. एखादं घराणं, एखादं सिंहासन, भिंतीवरचं एखादं चिन्ह, यांची ओळख तिथे करून देत नाहीत. ओळखीचं हसू तुमच्या चेहऱ्यावर येईल एवढीच त्यांची अपेक्षा असते. शिवाय मूळ मालिकेत हळूहळू उलगडणाऱ्या काही गोष्टी प्रीक्वेल सरळ सांगून टाकते.

मालिका ज्या क्रमाने प्रसिद्ध झाल्या त्याच क्रमाने पाहा. पुन्हा पाहताना हवा तो क्रम घ्या.

पुस्तकांनाही हाच नियम, पण एक सापळा डोक्यात ठेवा. 'द विचर'च्या वाचकांची हमखास चूक म्हणजे 'ब्लड ऑफ एल्व्ज'पासून सुरुवात, कारण पहिली कादंबरी ती आहे. प्रत्यक्षात तिच्याआधी कथांचे दोन संग्रह आहेत, 'द लास्ट विश' आणि 'सोर्ड ऑफ डेस्टिनी'. मालिकेच्या पहिल्या सीझनचा बराच भाग या कथांतूनच आलेला आहे. ते दोन आधी, मग पाच कादंबऱ्या.

३. पुस्तक आधी की मालिका आधी : निर्णय आजच

यावर भांडणं होतात. माझं मत सांगतो, कारणासकट.

पुस्तक आधीच वाचलेलं असेल तर प्रश्न मिटला, तुम्ही थेट चौथ्या टप्प्यावर जा. वाचलेलं नसेल तर मालिका आधी. याचं कारण असं, की मालिका पाहून पुस्तक वाचलं तर पुस्तक मोठं होतं : कापलेले प्रसंग, मनातले विचार, गाळलेली माणसं सापडत जातात. पुस्तक वाचून मालिका पाहिली तर मालिका लहान होते, कारण प्रत्येक दृश्यात काय नाही हेच दिसत राहतं. जिथे भर पडते त्या क्रमाने जावं.

पण मालिका आधी म्हणजे सगळी मालिका आधी, असं नाही. एक सीझन पूर्ण करा, मग त्या सीझनएवढं पुस्तक वाचा, मग पुढचा सीझन. इथेच लोक घसरतात, कारण सीझन आणि पुस्तक यांच्या सीमा जुळतातच असं नाही.

'गेम ऑफ थ्रोन्स'पुरतं सांगायचं तर पहिला सीझन ढोबळमानाने पहिलं पुस्तक, दुसरा म्हणजे दुसरं. तिसरं पुस्तक मात्र तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन सीझनमध्ये पसरलंय. तिसरा सीझन संपला म्हणून तिसरं पुस्तक हातात घेतलंत की चौथ्या सीझनची हवा गेली. त्या पुस्तकाच्या काही आवृत्त्या दोन खंडांत निघतात. पहिला खंड म्हणजे तिसरा सीझन असं गणित मांडू नका, ते जुळत नाही. तिसरं पुस्तक चौथ्या सीझननंतर, बस. पुढे चौथं आणि पाचवं पुस्तक काळाने बरंचसं समांतर चालतं, दोघांनी पात्रं वाटून घेतली आहेत, आणि मालिकेने ती पुन्हा एकत्र मिसळली आहेत. त्या टप्प्यावर सीझनला पुस्तक जोडत बसू नका. सहाव्या सीझनपासून तर मालिका पुस्तकांच्या पुढे निघून जाते.

'हिज डार्क मटेरियल्स'मध्ये सीझनला एक पुस्तक असा सरळ हिशोब आहे, तरी गंमत आहेच. विल हा मुलगा पुस्तकात दुसऱ्या भागात येतो, मालिकेने त्याला पहिल्याच सीझनमध्ये आणलंय. पहिला सीझन पाहून पहिलं पुस्तक घेतलंत आणि तो कुठेच सापडला नाही, तर प्रत सदोष नाही.

इशारा : सीझनच्या मध्यावर पुस्तक उघडू नका. "फक्त एवढं प्रकरण बघतो" असं म्हणून कुणीही एका प्रकरणावर थांबलेलं मी पाहिलेलं नाही.

आणखी एक, फार कमी जण सांगतात असं. जाड पुस्तकांच्या शेवटी घराण्यांची परिशिष्टं असतात. पुढच्या भागाचं परिशिष्ट कुतूहलानेही चाळू नका. मागच्या भागात कोण गेलं ते तिथे एका ओळीत, थंडपणे, लिहिलेलं असतं. मागच्या कव्हरवरचा मजकूरही तसाच. पुस्तक घेतलं की कागदाचं कव्हर चढवा, शाळेत चढवायचो तसं.

४. पडदा, आवाज, भाषा

कंटाळवाणा टप्पा आहे, पण अर्धे लोक इथे हरतात आणि दोष गोष्टीला देतात.

फँटसी मालिकांमध्ये अंधार फार. मशाली, गुहा, रात्रीच्या लढाया. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या शेवटच्या सीझनमधला तिसरा एपिसोड, ८२ मिनिटांचा, २०१९ च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा "काही दिसलंच नाही" अशी ओरड जगभर झाली होती. चित्रीकरण अंधारं होतंच, पण घरातल्या टीव्हीच्या सेटिंगचाही त्यात वाटा होता. तेव्हा :

टीव्हीचा पिक्चर मोड 'व्हिव्हिड' वरून काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' वर टाका. वीज वाचवणारी सेटिंग बंद करा. ती पडदा परस्पर मंद करते. मग मोशन स्मूदिंग शोधा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळंच गोंडस नाव दिलेलं असतं, पण काम एकच : सेकंदाला २४ फ्रेमनी चित्रित केलेल्या दृश्यात टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घुसडतो. त्यामुळे किल्ला किल्ला वाटत नाही, पुठ्ठ्याचा सेट वाटतो. बंद म्हणजे बंद. मागच्या बाजूचा दिवा पडद्यात दिसत असेल तर तोही घालवा.

तपासा : रात्रीचं एखादं दृश्य थांबवा. काळ्या झग्याच्या घड्या दिसतायत का? सगळा एकच काळा गोळा दिसत असेल तर ब्राइटनेस थोडा वाढवा. काळ्याचा राखाडी व्हायला लागला की एक पायरी मागे या.

आवाजाचं थोडक्यात. तलवारी कानठळ्या बसवतात आणि संवाद ऐकू येत नाहीत, असं होत असेल तर बहुधा सहा चॅनलचा आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरमध्ये कोंबला जातोय. ऑडिओच्या यादीत साधा स्टीरिओ असेल तर तो निवडा, नाहीतर टीव्हीतली संवाद स्पष्ट करणारी सेटिंग चालू करा.

आता भाषा. मूळ आवाज आणि सबटायटल्स, की डब? मूळ आवाजच हवा असा हट्ट धरणाऱ्यांतला मी नाही. तळाच्या ओळी वाचताना तुमची नजर चेहऱ्यावरून हटत असेल तर डब घ्या. या मालिकांत अर्धी गोष्ट नजरानजरेत असते, ती हुकली तर वाचलेल्या ओळींचा उपयोग नाही. पण निर्णय पहिल्या दोन एपिसोडमध्ये घ्या आणि मग बदलू नका. भाषा बदलली की नावांचे उच्चार बदलतात, पदव्या बदलतात, आणि पाठ झालेला माणूस पुन्हा अनोळखी होतो. डब आणि त्याच भाषेतली सबटायटल्स एकत्र लावू नका. डबचं भाषांतर ओठांच्या हालचालीला बसवलेलं असतं, सबटायटल्सचं वाचनाच्या वेगाला. दोन्ही वेगळी येतात आणि डोकं उठतं.

मूळ आवाज घेतलात तर साध्या सबटायटल्सऐवजी, ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेली सीसी लावून बघा. बोलणारा पडद्याबाहेर असला की त्यात त्याचं नाव येतं. पहिल्या तीन एपिसोडमध्ये नावं पाठ व्हायला याच्याइतकं सोपं साधन नाही. तोटा एकच : क्वचित एखाद्या अनोळखी माणसाचं नाव गोष्टीने सांगायच्या आधी सीसी सांगून टाकते. म्हणून तीन एपिसोडनंतर पुन्हा साध्या सबटायटल्सवर या.

या जगांत बनवलेल्या भाषाही असतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'साठी डोथ्राकी आणि व्हॅलिरियन या भाषा भाषातज्ज्ञाकडून बांधून घेतल्या होत्या. कुणी अनोळखी भाषेत दोन मिनिटं बोलतोय आणि खाली काहीच येत नाही, असं झालं तर एकदा सबटायटल्सची सेटिंग बघा. सगळं ठीक असूनही काही आलं नाही, तर ते मुद्दाम आहे. समोरच्या पात्रालाही कळत नाहीये.

शेवटी, ऑटोप्ले बंद. याचं कारण सातव्या टप्प्यात येईल.

५. स्पॉयलरचा बंदोबस्त

माझी फजिती सांगतो. दुसऱ्या एपिसोडला एका सरदाराचं नाव आठवेना. मोबाइल उचलला, नावाची चार अक्षरं टाइप केली. शोधाने उरलेलं स्वतः पूर्ण केलं : नाव, आणि पुढे "मृत्यू कोणत्या एपिसोडमध्ये". मी काही उघडलं नाही, काही वाचलं नाही. तेवढी एक ओळ पुरली. पुढचे सात तास मी त्या माणसाकडे तिरडीकडे बघावं तसं बघत होतो.

तेव्हापासून नियम : सीझन चालू असताना पात्राचं नाव शोधायचं नाही. कलाकाराचंही नाही. कलाकारांच्या यादीत नावापुढे एपिसोडची संख्या असते. दहा एपिसोडच्या सीझनमध्ये एखाद्यापुढे "४" दिसलं की कळायचं ते कळतं. चाहत्यांनी लिहिलेल्या विश्वकोशात तर पहिल्या ओळीतच "होता" असतं, आणि बाजूच्या चौकटीत जिवंत की मृत याची नोंद.

काय करता येईल? शंका कागदावर लिहा, सीझन संपल्यावर शोधा. व्हिडिओच्या साइटवर मालिकेचा ट्रेलरही शोधू नका. एकदा शोधलंत की दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या एपिसोडचे फोटो मुखपृष्ठावर हजर. एपिसोडच्या यादीत खाली सरकू नका. तिथली शीर्षकं, दोन ओळींचं वर्णन आणि छोटं चित्र, तिन्ही फितूर असतात. एपिसोडनंतरची "पुढच्या भागात" ही झलक सुरू व्हायच्या आत रिमोट हातात असू द्या.

पुस्तक वाचलेल्या माणसाबरोबर बसत असाल तर त्याला बजावा, आणि बजावूनही भरवसा ठेवू नका. माझी बहीण एक शब्द बोलली नाही. फक्त एका लग्नाच्या दृश्याआधी तिने हातातला मोबाइल उपडा ठेवला आणि पाय खाली घेऊन सरळ बसली. मला सगळं समजलं. आता आम्ही बसतो तेव्हा ती माझ्या मागे बसते.

६. एक पान, तीन रकाने

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि याच्यावरच सगळ्यात जास्त लोक हसतात.

एक कोरा कागद आडवा धरा. लोक वंशावळ काढायला घेतात, तीच पहिली चूक. वंशावळीला आधी नाती कळायला हवीत, आणि ती तर कळत नाहीयेत. कागद जागेप्रमाणे विभागा. गोष्ट ज्या तीन-चार ठिकाणी चालते त्यांना एकेक कोपरा द्या : उत्तरेचा किल्ला, राजधानी, समुद्रापलीकडे, भिंत. माणूस जिथे पहिल्यांदा दिसला तिथे त्याचं नाव. तो दुसरीकडे गेला की बाण काढा. दोन एपिसोडनंतर तुमच्याकडे गोष्टीचा नकाशा तयार असतो आणि नाती आपोआप त्या बाणांवर बसत जातात.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी : ओळखायची खूण, कुणाच्या बाजूचा, आणि त्याला काय हवंय. तिसरा रकाना कुणीच भरत नाही आणि खरी गोष्ट त्यातच असते. माझ्या जुन्या कागदावरच्या, 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या एपिसोडच्या तीन ओळी जशाच्या तशा :

नेड – लांब चेहरा, फरचा झगा – उत्तर – जायचं नाहीये, जावं लागतंय.

टिरियन – राणीचा धाकटा भाऊ, जीभ तिखट – राणीकडचा (?) – पुस्तकं, दारू, आणि कुणी हसू नये.

डनेरिस – पांढरे केस – समुद्रापलीकडे – घरी जायचंय. घर कुठे, माहीत नाही.

नाव कळलं नाही तर "निळा झगा, दाढी" असं लिहा. नाव नंतर येतं. प्रश्नचिन्हं पुसू नका. चुकीचा अंदाज कागदावर राहिला की पुढे मजा येते.

सारखी नावं आली तर घाबरू नका, पण लगेच सोय करा. 'हाउस ऑफ द ड्रॅगन'मध्ये रेनिरा, रेनिस आणि रेना आहेत, आणि एगॉन एकाहून जास्त. तिथे नावापेक्षा खूण मोठी लिहा, आणि शक्य असेल तर "कुणाची मुलगी" एवढं बाजूला. त्याच मालिकेत पहिल्या सीझनच्या सहाव्या एपिसोडला काळ दहा वर्षांनी पुढे सरकतो आणि दोन्ही प्रमुख स्त्रियांच्या भूमिकेत वेगळ्या अभिनेत्री येतात. पाचव्या आणि सहाव्या एपिसोडच्या मध्ये आठवडा गेला आणि कागद नसेल, तर माणूस वेगळीच मालिका लागली असं समजतो. एकाने तसं समजून मला फोन केला होता.

७. पहिले तीन एपिसोड

पहिले दोन एकापाठोपाठ पाहा, मध्ये न थांबता, न शोधता. सगळं कळणार नाही. कळायचंही नसतं. कागदावर फक्त नावं आणि जागा टिपत राहा.

मग थांबा. ऑटोप्ले बंद करायला सांगितलं ते यासाठीच. तिसऱ्याकडे न जाता पहिल्या एपिसोडची पहिली पंचवीस मिनिटं पुन्हा पाहा. पहिल्यांदा ज्यांच्याकडे लक्षही गेलं नव्हतं ते कोपऱ्यात उभे असलेले लोक आता ओळखीचे निघतात, आणि मालिका सोडणारे व टिकणारे यांच्यात माझ्या मते याच पंचवीस मिनिटांचा फरक आहे. तिसरा एपिसोड दुसऱ्या दिवशी.

'इंट्रो स्किप'चं बटण पहिल्या सीझनमध्ये विसरा. 'गेम ऑफ थ्रोन्स'ची सुरुवातीची नावं म्हणजे चक्क नकाशा आहे, आणि त्या एपिसोडमध्ये कुठे जायचंय त्यानुसार तो बदलतो. फुकटचा भूगोलाचा तास सोडून लोक दीड मिनिट वाचवतात.

आता काळाची भानगड. 'द विचर'च्या पहिल्या सीझनमध्ये तीन पात्रांच्या तीन गोष्टी आलटून-पालटून येतात आणि त्या तीन वेगवेगळ्या काळांत घडतात. पडद्यावर "इतक्या वर्षांपूर्वी" अशी पाटी येत नाही. हे सांगणं म्हणजे गोष्ट फोडणं, असं काहींचं मत आहे. मला ते पटत नाही. हे माहीत नसल्यामुळे मालिका सोडलेले लोक मला माहीत आहेत. अशी शंका कुठल्याही मालिकेत आली, म्हणजे मेलेला राजा पुढच्या दृश्यात जेवताना दिसला, तर कागदाच्या कडेला एक आडवी रेघ ओढा आणि प्रसंग तिच्यावर आधी-नंतर असे मांडा.

तपासा, तिसऱ्या एपिसोडनंतर : कागद न बघता पाच माणसांची नावं आणि त्यांना काय हवंय हे सांगता येतं का? कोण कुणाला घाबरतं, हे एका तरी जोडीबद्दल सांगता येतं का? पुढे काय होईल असं वाटणारी एक तरी गोष्ट आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना "नाही" असेल तर चौथा लावू नका, दुसरा पुन्हा पाहा. तिन्ही जमतंय आणि तरीही जीव रमत नाही, तर मालिका खुशाल सोडा. तो तुमचा कौल आहे, गोंधळ नाही.

८. मधला पल्ला

इथे फार सांगण्यासारखं नाही. एका बैठकीला दोन एपिसोड, जास्तीत जास्त. चौथ्या तासाला नावं पुन्हा विरघळायला लागतात. सीझनचे शेवटचे दोन मात्र एकाच बैठकीत पाहा, ते बहुधा तसेच बांधलेले असतात. दर आठवड्याला एक येणारी मालिका असेल तर नव्या एपिसोडआधी कागदावर दोन मिनिटं नजर फिरवा.

९. तुलना : सीझन संपल्यावर, आधी नाही

पुस्तक वाचलेल्यांसाठी हा टप्पा आहे. "पुस्तकात असं नव्हतं" हे वाक्य एपिसोड चालू असताना मनातही म्हणू नका. सीझन संपू द्या. मग बसा आणि प्रत्येक बदलाला विचारा : का?

बहुतेक बदलांची कारणं चार-पाचच असतात. नाव बदललं असेल तर गोंधळ टाळण्यासाठी; 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पुस्तकातली आशा ग्रेजॉय पडद्यावर यारा झाली, कारण ओशा नावाची बाई आधीच मालिकेत होती. वय वाढवलं असेल तर नट आणि प्रसंग यांच्यासाठी. त्याच पुस्तकात १४ वर्षांची असलेली मुलं पडद्यावर तीनेक वर्षांनी मोठी आहेत. वेगळ्या पुस्तकातली पात्रं आधीच आणली असतील तर पुढे ती लागणार म्हणून. 'शॅडो अँड बोन'ने दोन स्वतंत्र पुस्तकमाला एकत्र विणल्या, आणि मूळ पुस्तकांत त्या दोघींच्या मध्ये काही काळ गेलेला आहे. काही बदल निव्वळ खर्चाचे. 'हिज डार्क मटेरियल्स'च्या पुस्तकात प्रत्येक माणसासोबत त्याचा प्राणीरूपी डीमन असतो. लेखकाला गर्दीतले शंभर डीमन एका वाक्यात मिळतात, पडद्यावर प्रत्येकाचे वेगळे पैसे पडतात. म्हणून तिथल्या गर्दीत ते विरळ दिसतात.

एवढं करून काही बदल उरतात ज्यांना कारणच सापडत नाही. 'द व्हील ऑफ टाइम'ने पेरिनला सुरुवातीलाच एक बायको दिली, जी पुस्तकात नाही. अशा ठिकाणी जरूर चिडा. पण ते चिडणं निवडक असेल, आणि समोरच्याला समजावूनही सांगता येईल.

मूळ पुस्तक कोणत्या जातीचं आहे हेही बघा. 'हाउस ऑफ द ड्रॅगन' ज्यावर बेतली आहे ती 'फायर अँड ब्लड' ही सरळ कादंबरी नाही. त्या जगातला एक पंडित जुने, एकमेकांशी न जुळणारे दाखले जुळवून इतिहास लिहितोय, असा तिचा घाट आहे. एका प्रसंगाच्या तीन हकिकती तिथे आहेत. मालिकेने त्यातली एक निवडली, तर "पुस्तकात असं नव्हतं" म्हणण्याआधी कोणत्या हकिकतीत नव्हतं, ते सांगावं लागेल. 'द रिंग्ज ऑफ पॉवर' तर मुख्यतः एका कादंबरीच्या परिशिष्टांवर उभी आहे. परिशिष्टात हजारो वर्षांच्या घटना नोंदींसारख्या येतात, मालिकेने त्या थोड्या काळात दाबून बसवल्या. तिथे प्रसंगाला प्रसंग जुळवत बसणं व्यर्थ.

१०. दोन सीझनमधलं अंतर

'हाउस ऑफ द ड्रॅगन'चा पहिला सीझन २०२२ चा, दुसरा २०२४ चा. एवढ्या काळात माणूस स्वतःचे पासवर्ड विसरतो.

शेवटचा एपिसोड संपला त्याच रात्री कागदाच्या मागे दहा ओळी लिहा : कोण कुठे आहे, कुणाला काय कळलंय आणि कुणाला अजून कळलेलं नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. घटना आठवतात, कोणतं गुपित कुणापर्यंत पोचलंय ते आठवत नाही, आणि पुढचा सीझन त्यावरच चालतो.

नवा सीझन आला की रीकॅपचे व्हिडिओ शोधू नका. एक तर त्यांच्या शेजारी स्पॉयलर बसलेले असतात, आणि दुसरं म्हणजे त्यात जी दृश्यं निवडतात त्यावरून पुढे काय होणार याचा वास येतो. आधीच्या सीझनचा शेवटचा एपिसोड पूर्ण पाहा आणि मागच्या दहा ओळी वाचा. मुख्य नट बदललाय का, एवढं मात्र आधी बघून ठेवा. 'द विचर'च्या चौथ्या सीझनमध्ये नायकाचा चेहरा वेगळा आहे, आणि पहिली दहा मिनिटं त्याच्याकडे रोखून बघण्यात गेली की संवाद हुकतात.

कागद घडी करून त्या पुस्तकात ठेवा, वाचताना जिथे थांबलात त्या पानावर. मी एकदा तो फ्रिजवर लावला होता. घरी आलेल्या पाहुण्याने वाचला, "अरे, हा अजून जिवंत आहे का तुझ्याकडे?" असं विचारलं, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं.